बत्तीस पिक्सेलची आजी

स्वतःचा गेम बनवायचाय, पण चित्रकलेच्या तासाला कायम दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी एवढंच जमलं? नो टेन्शन, एआय आहे ना! पण गेममधलं कॅरेक्टर 'आपलं' वाटायला हवं असेल, तर एआयचं काम संपल्यावरच खरी धमाल सुरू होते. एका हौशी गेमची ही पडद्यामागची गोष्ट...

मारिओला मिशी का आहे, माहितीये? स्टाइल म्हणून नाही, बॉस! १९८१ साली 'डाँकी काँग' हा गेम करताना शिगेरू मियामोतो या डिझायनरकडे अख्खा माणूस काढायला जेमतेम १६ बाय १६ ठिपक्यांची जागा होती. एवढ्याशा जागेत तोंड काढलं तर ते दिसेना, म्हणून मोठ्ठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढणं कटकटीचं, म्हणून डोक्यावर टोपी. चालताना हात हलतायत हे कळावं, म्हणून बाह्यांचा रंग वेगळा आणि अंगात डंगरी. जगातला सगळ्यात फेमस गेम हीरो असा जागेच्या टंचाईतून जन्माला आला. आपल्या वन बीएचकेतल्या फोल्डिंग डायनिंग टेबलासारखाच!

मी काही गेम डिझायनर नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्याच टीममधल्या एका कोडिंगवाल्या मित्राबरोबर एका शुक्रवारी टपरीवर कटिंग घेताना ठरलं, की 'फ्रॉगर'सारखा एक गेम करायचा. 'फ्रॉगर' म्हणजे १९८१चाच तो जुना गेम, ज्यात बेडकाला गाड्यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडायला लावायचं. फक्त आमच्या गेममध्ये बेडूक नसेल, आजी असेल. माझी आजी! तिनं मंडईतून भाजी घ्यायची, बाजीराव रोड ओलांडायचा आणि सदाशिव पेठेत घरी पोचायचं. वाटेत रिक्षा, पीएमपीची बस, मान वाकडी करून फोनवर बोलणारे दुचाकीवीर. आणि शेवटच्या लेव्हलचा व्हिलन? वन-वेत उलटी येणारी स्कूटर. पुणेकरांना जास्त सांगायला नको!

आता आजीच का, तर त्याला कारण आहे. आजी ८४ वर्षांची आहे. तिच्या वयाच्या बहुतेक बायका कधीच गोल साडीवर गेल्या, ही मात्र अजून लुगड्यातच. मंडईत जाणं हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. १८८६ साली सुरू झालेली ती दगडी, अष्टकोनी मंडई म्हणजे तिचं माहेरच जणू. २०२३ मध्ये घरातच पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि वॉकर आला. तेव्हापासून ती मंडईत गेलेली नाही. म्हटलं, प्रत्यक्षात नाही तर निदान स्क्रीनवर तरी तिनं एक फेरी मारावी.

स्प्राइट म्हणजे कोल्ड्रिंक नव्हे!

गेममधल्या हलणाऱ्या छोट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ छोटी परी किंवा भूत. मागचं दृश्य जागच्या जागी राहतं आणि हे भूत त्याच्यावर तरंगत फिरतं, म्हणून नाव एकदम फिट्ट.

वरून बघता येणाऱ्या गेममध्ये माणूस चार दिशांना चालतो. प्रत्येक दिशेला चालण्याची साधारण चार चित्रं म्हणजे फ्रेम लागतात. पाऊल टेकलं, एक पाय दुसऱ्याला ओलांडून गेला, दुसरं पाऊल टेकलं, पुन्हा ओलांडला. ही चार चित्रं गोल गोल फिरवली, की माणूस चालतोय असं वाटतं. याला वॉक सायकल म्हणायचं. चार दिशा गुणिले चार फ्रेम म्हणजे सोळा आज्या. त्या सगळ्या एका कागदावर ओळीनं मांडल्या की झाली स्प्राइट शीट.

इथं लोक एक शॉर्टकट मारतात. उजवीकडे चालणारं चित्र आरशासारखं उलटं केलं, की डावीकडे चालणारं फुकटात मिळतं. सोळाची बारा झाली! पण यात गंमत होते. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'मधला सगात आठवतोय? एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, उंचाडा. तो वळला, की ती पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जाते. त्याचं कुणी एवढं मनावर घेतलं नाही. पण आजी वळली आणि तिचा डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर गेला, तर आमच्या घरात गोंधळ होईल. त्यामुळे शॉर्टकट कॅन्सल. सोळाच्या सोळा काढायच्या.

आणि मी तर चित्रकलेत ढ. इथं एन्ट्री झाली एआयची.

चाळीस सेकंदांत आजी

सुरुवात एका फुकट ऑनलाइन टूलपासून केली. प्रॉम्प्ट टाकला: नऊवारी नेसलेली महाराष्ट्रीय आजी, हातात भाजीची पिशवी, पिक्सेल आर्ट. चाळीस सेकंदांत चित्र हजर! पहिल्या झटक्यात मी उडालेच. रंग काय, प्रकाश काय. मग टेस्टरचा चष्मा चढवला आणि एकेक बग दिसायला लागला.

बग नंबर एक. ते पिक्सेल आर्ट नव्हतंच. पिक्सेल आर्टसारखं दिसणारं चित्र होतं. खऱ्या पिक्सेल आर्टमध्ये प्रत्येक ठिपका एकाच मापाचा आणि चौकटीच्या कागदावर बसवल्यासारखा असतो. रंगही मोजके. 'पिको-८' नावाचं हौशी लोकांचं लाडकं गेम सॉफ्टवेअर तर मुद्दामच फक्त १६ रंग देतं. माझ्या चित्रात एक ठिपका लहान, शेजारचा मोठा, कडा धुरकट आणि रंग हजारो. यामागे कारण आहे. ही टूल्स चौकटी मोजत नाहीत. गोंगाटातून, म्हणजे टीव्हीवर पूर्वी मुंग्या यायच्या ना तशा ठिपक्यांमधून, हळूहळू चित्र साफ करत नेणं हे त्यांचं तंत्र. आणि बरीच टूल्स ते काम चित्राच्या आकसून घेतलेल्या रूपावर करतात आणि शेवटी ते फुलवतात. त्यात काटेकोर चौकट हमखास ढासळते.

बग नंबर दोन. दुसरी फ्रेम मागितली तर दुसरीच बाई आली! पहिलीचा अंबाडा वर, दुसरीचा खाली. पहिलीची पिशवी हिरवी, दुसरीची टोपली. तिसरीला तर चष्माच नाही. एकेक चित्र सुरेख, पण सोळा चित्रांत मिळून सोळा आज्या. चालवून पाहिलं तर मंडईत जणू भुताटकीच.

बग नंबर तीन हा सगळ्यात मोठा.

लुगडं म्हणजे काय रे भाऊ?

'नऊवारी' म्हटलं, की मशीन काय काढतं? नवरी नाहीतर लावणी! नाकात नथ, हातभर हिरवा चुडा, कपाळावर चंद्रकोर. 'वृद्ध भारतीय स्त्री' म्हटलं, तर चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, हातात काठी, डोळ्यांत जगाचं दुःख. आणि दोन्ही प्रकारांत कासोट्याचा पत्ता नाही. समोर घागऱ्यासारख्या निऱ्या सोडून मोकळं. मागून बघितलं तर सरळ गोल साडी. २०२५च्या सप्टेंबरमध्ये इन्स्टावर सगळ्यांनी स्वतःचे शिफॉनच्या साडीतले, जुन्या हिंदी सिनेमात शोभतील असे एआय फोटो टाकले होते, आठवतंय? ती साडी छान जमते. आजीचं इरकली लुगडं काही जमत नाही.

यात जादू नाही, साधा हिशेब आहे. ही मॉडेल्स शिकतात ती इंटरनेटवरचे फोटो आणि त्याखालचे शब्द जोडून. 'लायन-५बी' हा यातला गाजलेला संग्रह. त्यात ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या आहेत. आता विचार करा, इंटरनेटवर नऊवारीचे फोटो कोण टाकतं? लग्नाचे फोटोग्राफर, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, नाचाचे कार्यक्रम. मंडईत वांगी निवडणाऱ्या आजीचा फोटो काढून त्याखाली 'लुगडं' असं लिहितो कोण? कुणीच नाही. मशीनला जे कुणी दाखवलंच नाही, ते त्यानं काढावं कुठून?

गंमत अशी, की लुगडं ही गेमसाठी एकदम परफेक्ट वेशभूषा आहे. मारिओच्या डंगरीमुळे हात दिसतात, तसे कासोट्यामुळे पाय वेगवेगळे दिसतात. गोल साडीत पाय झाकले जातात आणि बाई चालत नाही, सरकते. लुगड्यात पाऊल उचललेलं कळतं. म्हणजे जे मशीन विसरत होतं, नेमकं तेच मला हवं होतं.

नऊ सेकंदांचा व्हिडिओ

१९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ज्यांनी खेळलाय, त्यांना त्या राजपुत्राची पळायची ऐट आठवत असेल. त्या काळी असं जिवंत वाटणारं पळणं गेममध्ये अपवादानंच दिसायचं. जॉर्डन मेकनर या पोरानं ते कसं केलं? १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम गिरवली. या गिरवण्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. राजपुत्र काल्पनिक, पण पळणं खऱ्या भावाचं.

हे वाचलं आणि ट्यूब पेटली. माझ्या आतेभावाच्या फोनमध्ये २०१८चा एक व्हिडिओ होता. कुणाच्या तरी लग्नाच्या खरेदीचा, तुळशीबागेतल्या बोळातला. त्यात नऊ सेकंद आजी चालताना दिसते. उजव्या हातात वायरची पिशवी, त्या बाजूचा खांदा जरा खाली, डावा हात किंचित बाहेर काढून तोल सांभाळलेला. आणि प्रत्येक दुसऱ्या पावलाला एक छोटासा हिसका. पडल्यानंतरची चाल वेगळी आहे. ही त्याआधीची. तिच्या त्या चालीची माझ्याकडे एवढीच काय ती नोंद.

हा व्हिडिओ कुठल्याही ऑनलाइन टूलवर चढवायचा नाही, हे पक्कं होतं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, 'घरात काय करायचं ते कर, बाहेर कुणाला देऊ नकोस.' संपला विषय. मग मित्राच्या गेमिंग पीसीवर 'स्टेबल डिफ्युजन' टाकलं. हे मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल, तर इंटरनेटशिवाय घरच्या मशीनवर चालतं. त्याच्या जोडीला दोन गोष्टी घेतल्या.

एक 'कंट्रोलनेट'. हे २०२३ मध्ये आलं. याला माणसाचा काड्यांचा सांगाडा द्यायचा, मग मॉडेल त्याच पोझमध्ये माणूस काढतं. व्हिडिओतल्या पावलांवरून आम्ही सांगाडे काढून घेतले. लुगड्यात पाय वेगळे दिसत असल्यानं तेही पटकन निघाले. दुसरी 'लोरा'. नाव गोड असलं तरी ही मुलगी नाही. अख्खं मॉडेल पुन्हा न शिकवता त्याला थोडक्या फोटोंवरून एखादी नवीन गोष्ट शिकवायची ही युक्ती. आम्ही घरच्या अल्बममधले २२ फोटो स्कॅन केले. समोरून, मागून, बसलेली, उभी, ओट्यापाशी, देवापाशी. मशीनला पहिल्यांदा लुगडं म्हणजे काय ते समजलं. मागून काढलेल्या आजीला कासोटा आला तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली. मॅच जिंकल्यासारखी!

दहा लाखांतून एक हजार

आता वाटेल, झालं काम. नाही हो! एआयचं चित्र १०२४ बाय १०२४, म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ ठिपक्यांचं. आमची आजी ३२ बाय ३२, म्हणजे १०२४ ठिपक्यांची. प्रत्येक १०२४ ठिपक्यांमागे एकच ठेवायचा. बाकीचे कचऱ्यात.

कॉम्प्युटरला सांगितलं, तू लहान कर, तर तो प्रामाणिकपणे करतो. आणि जो लगदा तयार होतो तो आजी आहे की वांग्याचं भरीत, हे ओळखून दाखवा. कारण काय महत्त्वाचं हे त्याला माहीत नाही. त्याच्या लेखी चेहऱ्यावरचा ठिपका आणि चपलेखालच्या सावलीचा ठिपका, दोन्ही सारखेच.

मग मी 'एसप्राइट' उघडलं. हे पिक्सेल आर्टसाठीचं पॉप्युलर सॉफ्टवेअर. एआयचं चित्र खाली पुसट ठेवलं आणि वर एकेक ठिपका माउसनं भरायला लागले. तेव्हा खरे प्रश्न सुरू झाले. आजीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

सुरकुत्या टाकल्या. बत्तीस ठिपक्यांत सुरकुती काढली की ती जखम वाटते. बांगड्या टाकल्या. नथ तर ती घालतच नाही. कुंकू ठेवलं, एक ठिपका. चष्मा ठेवला, दोन फिकट ठिपके. मानेवरचा अंबाडा ठेवला, तीन बाय दोन. लुगड्याचा रंग हिरवा आणि त्याला लाल काठ. काठाला पूर्ण ओळ देणं परवडत नव्हतं, म्हणून पायाशी आणि पदरावर तेवढा. कासोटा म्हणजे मागून फक्त दोन ठिपक्यांची गडद रेघ. पण ती रेघ पुसली, की कुणीही बाई होते आणि ठेवली, की आजी होते. एकूण रंग बारा.

आणि खांदा. पिशवीच्या बाजूचा खांदा एक ठिपका खाली. एआयनं काढलेल्या सगळ्या आज्यांचे खांदे सरळ होते, रॅम्पवर चालणाऱ्या मॉडेलसारखे. सांगाडा दिला तरी ते ओझं येईना. ते हातानंच आणावं लागलं. पहिलं चित्र चाळीस सेकंदांत आलं होतं. सोळा फ्रेम पुऱ्या व्हायला पाच वीकएंड गेले. घरच्यांना वाटलं, अप्रेझलसाठी काहीतरी चाललंय!

मैत्रिणीचा प्रश्न

माझी एक मैत्रीण इलस्ट्रेटर आहे. पुस्तकांची कव्हरं, पोस्टर्स, असं फ्रीलान्स काम करते. तिला हौसेनं सगळं दाखवलं. तिनं नीट बघितलं आणि विचारलं, 'अगं, हे मॉडेल शिकलं कुणाच्या चित्रांवर? त्यांना कुणी विचारलं होतं?'

प्रश्न नेमका दुखऱ्या जागी होता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही चित्रकारांनी एआय कंपन्यांवर याच मुद्द्यावर खटला भरला. आपली चित्रं न विचारता शिकवणीला वापरली, अशी त्यांची तक्रार. ऑनलाइन गेम विकणाऱ्या 'स्टीम'नं जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयचा वापर असेल तर तो जाहीर करायला सांगितलं. मालकीचाही घोळ आहेच. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत सांगितलं, की लेखिकेचा मजकूर आणि मांडणी तिची, पण एआयनं काढलेल्या चित्रांवर तिचा हक्क नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक कलम आलं. कॉम्प्युटरनं निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं ते म्हणतं. पण १९९४ साली कॉम्प्युटरकडून आज्या काढून घेता येतील, असं कुणाच्या स्वप्नात होतं?

मी तिला म्हटलं, गेम विकायचा नाहीये, घरगुती आहे. ती म्हणाली, 'मान्य. तू मला काम देणारच नव्हतीस, त्यामुळे माझं काही गेलं नाही. पण ज्यांचे गेम विकले जातात, तेही आता मला फोन करत नाहीत.' यावर माझ्याकडे हजरजबाबी उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एक केलं. गेम सुरू होताना दिसणारं मंडईचं मोठं चित्र आणि त्यातला आजीचा चेहरा तिच्याकडून काढून घेतला. तिनं सांगितले तेवढे पैसे दिले, घासाघीस न करता. (आजीनं हे वाचू नये. ती मंडईत जन्मात पहिल्या भावाला हो म्हणालेली नाही!) आणि शेवटी नावं येतात तिथं सरळ लिहिलं: कच्ची चित्रं एआयची, ठिपके हाताचे, चाल आजीची.

आजीची टेस्टिंग

एका रविवारी दुपारी चहा झाल्यावर आजीसमोर टॅबलेट ठेवला. आधी ते चाळीस सेकंदांतलं पहिलं चित्र दाखवलं. म्हणाली, 'ही कोण? सिरियलमधली का?'

मग आमची बत्तीस ठिपक्यांची आजी चालवली. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, 'अय्या, मीच की!' ती म्हणाली, 'पिशवी जड दिसतेय.'

'कशावरून गं?'

'खांदा बघ की. नुसती मेथीची जुडी असती तर एवढा उतरला नसता. कांदे-बटाटे आहेत त्यात.'

एक ठिपका! पाच वीकएंडांचं सार्थक झालं. पण आजी काही एवढ्यावर थांबणारी नव्हती. टेस्टर मी आहे, पण घराण्यात हे गुण आले कुठून, ते त्या दिवशी कळलं. पहिला बग: 'मी रस्ता असा मधूनच कशाला ओलांडीन? सिग्नलला थांबायचे मी.' (म्हणजे आख्ख्या गेमचाच पाया उखडला!) दुसरा बग: 'मंडईतून मी सरळ बाजीराव रोडला यायचेच नाही. तुळशीबागेत रामाला नमस्कार करायचा, मग पुढे.'

सिग्नलचं कसंबसं पटवलं. गेम आहे, थोडी गंमत चालते. पण राम मंदिराला इलाज नव्हता. मित्रानं तुळशीबागेची एक जास्तीची लेव्हल टाकली. देवळासमोर थांबून नमस्कार केला, की एक लाइफ वाढते. त्यासाठी आणखी दोन फ्रेम लागल्या, कारण नमस्काराला दोन्ही हात हवेत आणि पिशवी खाली ठेवायला हवी. त्या दोन फ्रेम मी एआयकडे न जाताच काढल्या. तोवर हात बसला होता.

आजी स्वतः गेम खेळत नाही. बोटं थरथरतात, बटणं सापडत नाहीत. पण रोज संध्याकाळी ती माझ्या भावाला खेळायला बसवते आणि शेजारून सूचना देते. 'थांब, बस जाऊ दे. आता चल. पटापट पाय उचल!'

तुम्हालाही करायचंय? मग हे वाचा!

१. आधी माप ठरवा. १६ बाय १६ किंवा ३२ बाय ३२. मोठ्या मापात काम चौपट होतं आणि उत्साह निम्म्यावर येतो.

२. पैसे न घालता सुरुवात करा. 'पिस्केल' ब्राउझरमध्येच चालतं, 'लिब्रेस्प्राइट' फुकट आहे. गेम जोडायला 'गोदो' हे इंजिनही फुकट. नाव बेकेटच्या नाटकावरून, पण वाट बघायला लागत नाही!

३. एआय नकोच असेल, तर रेडीमेड स्प्राइट मिळतात. 'केनी' या नावाखालची चित्रं कुणीही बिनधास्त वापरावीत अशी खुली आहेत. २०१२च्या 'लिबरेटेड पिक्सेल कप'मधून तयार झालेली माणसंही घेता येतात, फक्त मूळ चित्रकारांची नावं देणं बंधनकारक आहे.

४. चित्र लहान-मोठं करताना 'नियरेस्ट नेबर' हाच पर्याय निवडा. बाकीचे पर्याय कडा धुरकट करतात.

५. रंग आधी ठरवा आणि मोजून ठरवा. बारा ते सोळा भरपूर झाले.

६. घरातल्या माणसांचे फोटो, व्हिडिओ ऑनलाइन टूलवर चढवण्याआधी त्या माणसाला विचारा. आजी असली तरी!

७. आधी चाल, मग चेहरा. ठिपक्यांच्या माणसाला आपण चेहऱ्यावरून कमी आणि चालण्यावरून जास्त ओळखतो. ज्याला गेममध्ये आणायचंय, त्याचा चालतानाचा व्हिडिओ आजच काढून ठेवा. दहा सेकंद पुरतात. आणि हो, पिशवी हातात असतानाचा काढा!